उस्तादांचा तंदूर

तंदूर घरी आणला तो टेलरबाईंच्या नवऱ्याने. टपाल कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना तीन महिने झाले होते आणि तेवढ्या काळात त्यांनी घरातली दोन चालती घड्याळं दुरुस्त करून कायमची बंद पाडली होती. नाक्यावरची खानावळ बंद झाली, सामान रस्त्यावर आलं, तेव्हा पत्र्याच्या पिंपात बसवलेलं ते मातीचं धूड हातगाडीवर घालून ते विजयी मुद्रेने दारात हजर झाले.

"आणि ही एवढी मोठी भेग?" टेलरबाईंनी विचारलं.

"ती काय! लिंपली की झालं."

त्यांनी ती सिमेंटने लिंपली आणि त्याच दुपारी आत घमेलंभर कोळसा पेटवला. अर्ध्या तासात सिमेंट फटाक्यासारखं उडालं. बाई मशीन सोडून मागच्या अंगणात धावल्या, तर कुंपणापलीकडे एक उंच, वाळकेसे म्हातारबा उभे.

"सिमेंट?" कुणी गेल्याची बातमी ऐकावी तशा आवाजात ते म्हणाले.

ते त्या खानावळीतले उस्ताद. बावीस वर्षं याच तंदूरवर रोट्या लावलेले. विचारपूस करत करत तंदूरच्या मागावर आले होते. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी नऊच्या ठोक्याला येऊ लागले, स्टूल मागून घेऊन बसू लागले आणि बाईंच्या डोक्याला ताप सुरू झाला.

आधी छिन्नीने सिमेंट काढा. मग माती चाळा, भुसा बारीक कापा, मीठ घाला, पायाने तुडवा. तुडवायची वेळ आली तेव्हा नवऱ्याची पाठ नेमकी धरली. इकडे शाळेचे चाळीस गणवेश बिनबाह्यांचे पडलेले आणि बाई घोट्यापर्यंत चिखलात. उस्ताद चिमूटभर माती बोटांत चोळत आणि म्हणत, "खडा आहे. पुन्हा चाळा." असं तीनदा झालं.

रोटी तंदूरच्या आतल्या भिंतीला थापायला कापडाची गादी लागते, ती तरी माझ्या हातची आहे, असं बाईंना वाटलं होतं. उस्तादांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"ही गादी आहे की उशी?"

पंचवीस वर्षांत बाईंचं शिवण कुणी परत केलं नव्हतं. त्यांनी दातओठ खात टाके उसवले.

भेग भरली, आतून गूळपाण्याचा हात फिरवला. मग आठ दिवस सावलीत सुकवणं आणि त्यानंतर रोज थोडी थोडी आच. पहिल्या दिवशी मूठभर कोळसा, दुसऱ्या दिवशी दोन मुठी. नवरा दर तासाला येऊन विचारी, "अजून थोडा टाकू का?" आणि बाई नि उस्ताद एकदमच ओरडत, "नको!" तेवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

अखेर पूर्ण आच द्यायचा दिवस उजाडला. भिंतीवर आधी काळीकुट्ट काजळी धरली, मग ती जळून भिंत स्वच्छ दिसू लागली. "आता," उस्ताद म्हणाले.

पहिली रोटी नवऱ्याने लावली. ती थेट निखाऱ्यांत. दुसरीही तिच्याच मागोमाग. मग गादी बाईंनी घेतली. तिसरी क्षणभर चिकटली आणि घरंगळली.

"हात घाबरतोय तुमचा!" उस्ताद कडाडले. "आणि रोटीच्या पाठीला पाणी कोण लावणार? एवढे दिवस काय शिकवलं मी?"

"शिकवलंत? नुसती खोट काढत बसलात!" बाईंचा बांध फुटला. "माझं काम बुडालं, पायांना भेगा पडल्या, घरभर काजळी. एवढं येतं ना तुम्हाला? मग ही घ्या गादी आणि तुम्हीच लावा!"

उस्तादांनी गादी घेतली नाही. त्यांनी उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "खांदा गेला. मालकांनी तरीही ठेवलं होतं, कोळसा सारायला."

टेलरबाईंचा राग जागच्या जागी राहिला, पण आता तो काढायचा कुणावर ते कळेना.

"मग आधी सांगायचं नाही का?" त्या शेवटी म्हणाल्या. "आता ओरडू नका. हळू, एकेक सांगा."

उस्तादांनी सांगितलं. रोटीच्या पाठीला पाणी, हात सरळ आत, थबकायचं नाही, दाबायचं आणि लगेच मागे. चौथी रोटी चिकटली. फुगली, तिच्यावर तांबूस ठिपके उठले. बाईंनी ती सळईने काढून उस्तादांच्या ताटलीत टाकली. ते डोळे मिटून बराच वेळ चावत राहिले.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

बाईंनी कपाळावर हात मारला, पण कणकेत मीठ घालायला स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याशी उभ्या असताना मागून भस्सकन आवाज आला आणि खिडकीतून वाफेचा लोट आत शिरला. धावत बाहेर येऊन पाहतात तर नवरा रिकामी बादली घेऊन उभा.

"निखारे उगाच जळत होते," ते चाचरत म्हणाले. "म्हटलं, विझवून टाकावेत."

तापल्या मातीवर गार पाणी! तोंडापासून तळापर्यंत नवा तडा, बोट जाईल एवढा. बाईंनी उस्तादांकडे पाहिलं. आता म्हातारा बहुतेक रडणार.

पण उस्ताद स्टुलावर मागे रेलून हसत होते, अगदी खोकला लागेपर्यंत.

"साहेब, तुम्ही टपालात होतात ते बरं झालं," डोळे पुसत ते म्हणाले. मग बाईंकडे वळले. "ताई, माती उरलीय का?"

"अर्धं घमेलं," टेलरबाई दात आवळून म्हणाल्या. "आणि या खेपेला तुडवणार हे. पाठ धरो नाहीतर सुटो."

नवऱ्याने मुकाट्याने पायांतल्या चपला काढल्या.