चौसष्ट फुटांची खूण

आमच्या शेजारचा ताराचंद कळमेश्वरहून संत्र्यांची लॉरी घेऊन नागपुरात येत होता, तेव्हा धोंडबा नावाचा सायकलवाला तिच्याखाली सापडून गेला. सायकल अचानक आडवी आली, धोंडबाचंच लक्ष नव्हतं, असं ताराचंद कोर्टात म्हणाला. रस्त्यावर ब्रेकची खूण होती चौसष्ट फूट. पोलिसांनी तीच लॉरी तेवढ्याच मालासकट तिथेच ताशी तीस किलोमीटरने चालवून ब्रेक मारून पाहिला. खूण उमटली सोळा फूट.

सरकारी वकिलांनी शाळेतलं त्रैराशिक मांडलं. खूण चौपट, म्हणजे वेग चौपट, ताशी एकशेवीस. ती खटारा लॉरी विमानातून सोडली असती तरच एवढी धावली असती. पण तो आकडा टिकला तर ताराचंदला तुरुंग ठरलेला. म्हणून पदार्थविज्ञान शिकवणारा मी साक्षीला उभा राहिलो.

"वेग दुप्पट झाला की संवेग दुप्पट होतो," मी सांगितलं, "गतिज ऊर्जा मात्र चौपट होते. ब्रेकचा जोर तेवढाच. त्यामुळे थांबायला वेळ लागतो दुप्पट, पण अंतर चौपट. खूण चौपट आहे, तेव्हा वेग दुप्पटच होता. साठ."

न्यायाधीशांनी दोनदा समजावून घेतलं आणि एकशेवीसचा आकडा बाजूला ठेवला. मधल्या सुट्टीत आम्ही व्हरांड्यात आलो. ताराचंदने हात जोडले.

"तुमच्यानं वाचलो मी, सर."

धोंडबाची बायको प्रयागबाई खांबाशी उभी होती. ती रडत नव्हती, तेच मला जड जात होतं.

"मास्तर, तिथं बोर्डावर तीस लिवलं हाये," ती म्हणाली. "हा तीसनं आला असता तं?"

"सोळा फुटांत थांबला असता."

"अन् यानं ब्रेक मारला तवा हे किती दूर होते?"

ते पंचनाम्यात होतं. खोटं बोलावंसं फार वाटलं.

"चाळीस फूट."

ताराचंदचे जोडलेले हात खाली आले. प्रयागबाईने पदर सावरला.

"म्हंजे त्यायची चूक नोहती. सारे त्यायलेच नावं ठेवून राहिले." मग ती ताराचंदकडे वळली. "आता तूच सांग गा सायबाले."

ताराचंदने माझ्याकडे पाहिलं. माझ्यापाशी दुसरं गणित नव्हतं. तो वळला आणि पुन्हा कोर्टात शिरला.