नवे लायनर, जुना पाय

मित्रांनो, मी एक जुना टोइंग ट्रक आहे. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांना आकड्याला अडकवायचं आणि गॅरेजपर्यंत ओढत न्यायचं, हे माझं काम. एरवी माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, पण अडल्या वेळी मला पाहून भल्याभल्यांचा जीव भांड्यात पडतो. माझा रंग उडाला आहे, एक दार जोरात आपटल्याशिवाय लागत नाही. तरीही माझ्या अब्रूला कधी धक्का लागला नव्हता. तो लागला पोस्टाजवळच्या उतारावर.

मला चालवायचे ते उस्ताद. मी कारखान्यातून नवाकोरा आलो तेव्हापासून माझ्या स्टिअरिंगवर त्यांचाच हात. त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला, म्हणून जोडीला सूनबाई यायची. साखळ्या बांधायच्या, आकडा लावायचा, चाकांखाली ठोकळे सारायचे, सगळं ती करायची. अवजड गाडीचं लायसन्सही तिने काढलं होतं. पण चालवायचा विषय निघाला की उस्ताद म्हणायचे, "तू बस गं निवांत, मी आहे ना." मग ती बसायची.

त्या दिवशी कपाटांनी भरलेला एक बंद टेम्पो माझ्या आकड्याला होता. उतार संपता संपता उस्तादांनी ब्रेक दाबला. मी जीव तोडून चाकं धरायला गेलो, पण ती धरलीच जाईनात. चाकांतले ब्रेकचे ड्रम तापून लाल झाले होते. समोर एक शिवणकाम करणारी बाई नुकतीच स्कूटर लावून बाजूला झाली होती. मी थांबलो तो त्या स्कूटरला आडवी करूनच. बाई हेल्मेट छातीशी धरून उभी राहिली.

गर्दी जमली. उस्ताद खाली उतरले आणि माझ्या चाकाला लाथ मारून म्हणाले, "ब्रेकच लागले नाहीत या खटाऱ्याचे!"

इतक्या वर्षांत त्यांनी मला खटारा म्हटलं नव्हतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सगळ्यांच्या देखत दुसऱ्या ट्रकने मला ओढून नेलं. मागच्या टेम्पोवाल्याने तर हात जोडले. "वैद्यालाच खाटेवर घातलं की हो!" तो म्हणाला.

गॅरेजमधले मिस्त्री उस्तादांचे जुने दोस्त. त्यांनी माझी चाकं काढली, ड्रम उघडले, ड्रमला घासून चाक थांबवणारे ब्रेकचे लायनर हातात घेतले आणि बराच वेळ ते उलटसुलट करत राहिले.

"नुसते झिजलेले नाहीत हे," ते हळूच म्हणाले. "जळलेत. गाडी बिचारी निर्दोष आहे, उस्ताद. कोणीतरी चालता चालता ब्रेकवर पाय ठेवतंय."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी सुटलो होतो! पण मग उस्तादांचा चेहरा दिसला. तो पार उतरला होता. त्यांचं गुपित माझ्याच पोटातून बाहेर निघालं होतं आणि मी इथे खूश होत होतो. मला माझीच लाज वाटली.

"कोणीतरी म्हणजे? गाडी मीच चालवतो," उस्ताद तडकले. "मला ब्रेक शिकवतोस?"

सूनबाई खाली बघत नट गोळा करत राहिली. मागचे गाडीवाले हॉर्न मारत, "तुमचा ब्रेकचा दिवा सारखा पेटलेला असतो" असं ओरडत, ते तिने ऐकलं होतं. सासऱ्यांना कसं बोलायचं, म्हणून ती गप्प बसली होती.

मग लायनर निवडायचे होते. मिस्त्रींनी तीन जोड मांडले. एक मऊ, पटकन धरणारा, पण तापला की सोडणारा. एक दगडासारखा कडक. तो टिकेल, पण ड्रम खाईल. तिसरा थोडा सावकाश धरणारा, पण ओझं घेऊन उतरतानाही न डगमगणारा.

"तिसरा," उस्ताद म्हणाले. "आपल्याला दुसऱ्याची गाडी घेऊन थांबायचं असतं."

इतकं शहाणपणाचं बोलणारा माणूस आपल्या पायाबद्दल मात्र चकार शब्द काढत नव्हता.

मिस्त्रींनी बजावलं, "नवे लायनर ड्रमला लगेच नीट बसत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर जरा वेग घ्या, मग हळूहळू कमी करा. पूर्ण थांबू नका. मध्ये गार होऊ द्या, तेव्हा ब्रेकला पायसुद्धा लावू नका. थोडा वास येईल, पण धूर नको."

गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर आम्ही गेलो. उस्तादांनी वेग घेतला, छान कमी केला, पुन्हा घेतला. पण ब्रेकवरचा भार उतरेना. लायनर घासत राहिले. धूर निघाला.

"बाबा, ब्रेकवरून पाय काढा," सूनबाई म्हणाली.

"काढलाय की!"

"नाही काढलेला, बाबा."

"अगं, काढलाय म्हणतो ना!"

ती वाकली. मग उस्तादांनीही मान खाली घातली. त्यांचं पाऊल ॲक्सिलरेटरवर होतं, पण आतली कड ब्रेकवर टेकलेली होती. त्यांनी ती पाहिली. पाहिली तेव्हा कुठे त्यांना कळलं.

त्यांनी मला कडेला घेतलं, इंजिन बंद केलं.

"कधीपासून?" सूनबाईने विचारलं.

"वर्ष होत आलं असेल. पाय बधिर झालाय. चप्पल पायात आहे की निघाली, तेही बघावं लागतं गं," ते म्हणाले. "लाज वाटायची सांगायला. ड्रायव्हरला पायच नाही म्हटल्यावर उरलं काय?"

सूनबाईने डोळे पुसले. "मला दिसत होतं, बाबा. मी बोलले नाही. ती स्कूटरवाली बाई..."

उस्ताद खाली उतरले. माझ्या बॉनेटवर हात फिरवत वळसा घालून दुसऱ्या दाराने आत आले.

"चालव," ते म्हणाले. "धूर विरू दे आधी. आता वेग घे. घाबरू नकोस. अंड्यावर पाय ठेवतेस असा ठेव. हां! आता काढ. पूर्ण काढ."

तिने काढला. किती हलकं वाटलं मला, काय सांगू!

लायनर बसले, तसं उस्तादांनी मला त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या दारात न्यायला लावलं. बाई टाचण्या तोंडात धरून बाहेर आली.

"बाई, त्या दिवशी मी गाडीला दोष दिला. दोष माझा होता," उस्ताद मान वर न करता म्हणाले. "मला पायाचं कळत नाही. ठाऊक असून चालवत होतो."

बाईने टाचण्या हातात घेतल्या. "मी मेले असते," ती म्हणाली.

"हो."

बाईने त्यांच्या पायाकडे पाहिलं. मग तिनेच विचारलं, "डॉक्टरला दाखवलंत?"

"तिकडेच निघालोय," खिडकीतून सूनबाई म्हणाली.

डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला, तर तळव्याला केवढी जखम! उस्तादांना तिचा पत्ताच नव्हता. आणखी उशीर झाला असता तर पाय गेला असता, असं परतताना उस्ताद आणि सूनबाईच्या बोलण्यातून मला कळलं. जखम भरते आहे. चालवणं मात्र संपलं.

मित्रांनो, गाडीने जरा कुरकुर केली की तुम्ही तिला मिस्त्रीकडे नेता. घरातलं मोठं माणूस "मला काही झालेलं नाही" म्हणालं, की तेवढ्यावर गप्प बसता. तसं करू नका. ओरडू नका, चारचौघांत बोलू नका. जवळ बसा, त्यांचा पाय मांडीवर घ्या आणि नीट बघा. त्यांना लाज वाटेल. वाटू द्या. तुम्ही उठू नका.