वरच्या फळीवरचे खिळे

मी एक जुना खिळ्यांचा जोड आहे, मित्रांनो. बर्फावर चालताना बुटांवर चढवतात त्या खिळ्यांचा. जुना फक्त वयाने. माझे दात अजून धारदार आहेत, आणि त्याचा मला मुळीच अभिमान वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यातून रबराची जाळी निघाली आणि तिच्यात पोलादाचे आखूड दात ठोकले गेले. रबर ताणून बुटावर ओढलं की दात बर्फात रुततात आणि पाय घसरत नाही. माणसाला पडू द्यायचं नाही, एवढंच काम मला नेमून दिलं होतं.

२००६ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या एका दुकानातून शंतनूने मला घेतलं. "आईसाठी," असं तो म्हणाला, तेव्हा मला धन्य वाटलं. त्याची आई, शरयूताई, अमरावतीहून सहा महिन्यांसाठी आली होती. शंतनू आणि सून नेत्रा कामावर गेले की घर चिडीचूप होई. गाडी येत नव्हती, इंग्रजी अडखळत येई. नदीकाठच्या पायवाटेने पुलाजवळच्या बाकापर्यंत जायचं आणि तिथे त्यांच्यासारख्याच भारतातून आलेल्या सीमाताईंशी पोटभर मराठी बोलायचं, एवढाच काय तो शरयूताईंचा दिवस. पायवाटेवर बर्फाचा थर बसला आणि तोही हातचा जाऊ लागला.

माझ्यामुळे तो वाचला. "अहो, चालताय की खडीसाखर फोडताय?" सीमाताई हसून विचारत. "मुलाने आणलेत," असं सांगून शरयूताई पाय उचलून मला मिरवत. घरी आल्या की मला पुसून दाराशी ठेवत. माझ्या आयुष्यातले तेच सुखाचे दिवस.

मला चढवायला मात्र त्यांना बसावं लागे. गुडघे वाकत नव्हते. उंबरा सोयीचा होता, पण उंबऱ्यावर बसणं त्यांना अशुभ वाटे. "घराला बरं नसतं," म्हणत त्या आत स्टुलावर बसत आणि पायाखाली जुना टॉवेल अंथरून दारापर्यंत येत. एके दिवशी तो टॉवेल धुवायला गेला होता. दोनच पावलं, पण नव्या लाकडी जमिनीवर माझ्या दातांचे लांब ओरखडे उठले. त्या दिवशी त्या फिरायला गेल्याच नाहीत. खोबरेल तेलाचं बोट ओरखड्यांवर फिरवत बसल्या.

"आई, काय केलंस हे!" संध्याकाळी शंतनू ओरडला. "ब्रँड न्यू हार्डवुड आहे गं! शनिवारी सत्यनारायणाला सगळे लोक येणार, काय सांगू त्यांना?"

त्याने मला उचललं आणि गॅरेजमधल्या सगळ्यात वरच्या फळीवर फेकलं.

"अरे, त्यांना लागतील ना," नेत्रा म्हणाली.

"लागले की मागेल. देईन काढून."

शरयूताईंनी मागितलं नाही. रागावलेल्या मुलाकडे काय मागायचं? थोडे दिवस बर्फ वितळला होता, तेव्हा त्यांचं निभावून गेलं. पूजा थाटात झाली. ओरखड्यांवर गालिचा पडला होता.

मग जानेवारीत पुन्हा कडाका पडला, आणि नेमक्या त्याच दिवशी सीमाताई भारतात परत निघाल्या. शेवटची भेट बाकावर ठरली होती. शरयूताई लाडवांचा डबा घेऊन गॅरेजमध्ये आल्या. फळीखाली उभ्या राहून त्यांनी हात वर केला. बोटं फळीच्या कडेपर्यंतही पोचली नाहीत. त्यांनी शंतनूला फोन लावला.

"आई, मीटिंगमध्ये आहे. आज नको ना जाऊस!"

"बरं," त्या म्हणाल्या. फोन ठेवून पुन्हा एकदा वर पाहिलं. "राहा बाबा तिथेच," असं मला म्हणाल्या आणि निघाल्या. मला उडी मारता येत नाही, मित्रांनो. दाराचा आवाज ऐकण्यापलीकडे मी काहीच करू शकलो नाही.

संध्याकाळी नेत्राने गॅरेजमध्ये गाडी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ती रडली. शरयूताईंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. पूल दिसायच्या आधीच त्या घसरल्या होत्या. सीमाताई वाट पाहून विमानतळावर गेल्या. आणि शंतनू माझ्याखाली उभा राहून फोनवर एकेकाला सांगत होता, "स्पाइक्स आणून दिले होते रे. पण ऐकेल तर ना!"

मार्चमध्ये शरयूताई व्हीलचेअरवरून अमरावतीला परतल्या.

पुढच्या हिवाळ्यात शंतनूने मला खाली काढलं. मित्रांबरोबर डोंगरात जायचं होतं. तो खुशाल उंबऱ्यावर बसला आणि मला बुटांवर चढवलं. डोंगरावर त्याचा मित्र कुशल म्हणाला, "सॉलिड ग्रिप आहे यार! कुठून घेतलेस?"

"आईसाठी घेतले होते," शंतनू म्हणाला. "तिने वापरलेच नाहीत."

माझा संताप झाला. एक दात सैल सोडला असता तर? पण मी त्यालाही पडू दिलं नाही. मला तेवढंच येतं.

मित्रांनो, वस्तू जपा, असं माझ्यासारख्या जुन्या वस्तूने सांगायचं असतं. मी तसं सांगणार नाही. त्या घरात वस्तू फार नीट जपतात. मला दाराशी ठेवा, चिखलात ठेवा, गंजलो तरी चालेल. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा हात पोचेल तिथे ठेवा, आणि त्याच्यावर मागायची वेळ आणू नका.