एकेचाळीस पट्ट्या

इटलीतल्या स्कियो गावच्या आमच्या कारखान्यात बेकरीसाठी पीठ मळायची यंत्रं बनतात. तयार यंत्रावर सीई ही युरोपातली सुरक्षिततेची खूण आणि यंत्राचा क्रमांक असलेली पट्टी ठोकायचं काम माझं. कारखान्याचे मालक, माझे बोर्तोलोकाका, यांच्या तरुणपणी जर्मन तपासनीस वेगळा, फ्रेंच वेगळा. एकाला पसंत पडलं की दुसरा नाक मुरडायचा. आता एका खुणेवर यंत्र पोर्तुगालपासून फिनलंडपर्यंत कुठेही जातं. आमच्या यंत्रांना ही खूण कुणी साहेब येऊन देत नाही. चाचणी आपणच घ्यायची आणि खाली सहीही आपलीच.

मार्चमध्ये आम्ही ब्रेक दुसऱ्याकडून घेतले. झाकण उघडताच फिरता दांडा थांबवायचा, एवढंच त्या ब्रेकचं काम. भाग बदलला की चाचणी नव्याने घ्यावी लागते. काकांनी जुन्याच चाचणीवर सही ठोकली.

"सारखाच तर आहे गं. ट्रक उभाय, लाव पट्ट्या."

मी एकेचाळीस लावल्या.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या बेकरीतून फोन आला. देओलिंदा नावाच्या बाईने पीठ चाचपायला झाकण उघडलं, दांडा दोन सेकंद उशिरा थांबला. तिची चार बोटं गेली. त्याच ब्रेकचं, अजून पट्टी न लागलेलं एक यंत्र कारखान्यात उरलं होतं, त्याचं झाकण मी उघडून पाहिलं. तेच.

पट्टीवरच्या क्रमांकांवरून बाकीची चाळीस कुठे आहेत ते अर्ध्या तासात सापडलं. 'वापर ताबडतोब बंद करा' असं पत्र मी काकांपुढे ठेवलं.

"आज पाठवलं की उद्या कुलूप," काका म्हणाले. "माझ्या बापाने उभं केलंय हे, ओर्नेल्ला."

"आणि त्या लोकांचे हात?"

"फार अक्कल आली का तुला? सोमवारपर्यंत थांब. वकिलाला विचारतो."

पत्ते माझ्याकडे होते, पाठवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पण वडील गेल्यापासून मी काकांच्याच अन्नावर वाढले होते. मी थांबले. त्याची मला आजही किळस येते.

सोमवारी नऊला त्यांनी सही केली. दुपारपर्यंत एकोणचाळीस बेकऱ्यांनी 'बंद केलं' म्हणून कळवलं. चाळिसावं उत्तर बेल्जियममधल्या गेंटहून, बेकरच्या मुलीचं होतं.

"सगळ्यांनी बंद केलं ना?" काकांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं, "आमचं यंत्र शनिवारपासूनच बंद आहे. बाबांचा हात खांद्यापासून काढावा लागला."