कातळीचं देशी जहाज

कातळी बंदरात जहाज नव्हतं, तरी सकाळी भरतीच्या सुमाराला त्यात माल चढवायला सुरुवात झाली. हमालांनी पाण्याचं पहिलं पीप लोटत धक्क्याच्या कडेपर्यंत आणलं, कडेवरून पुढे समुद्रावर ढकललं, आणि ते तिथेच राहिलं. पाण्याच्या वर कमरेइतक्या उंचीवर, जरासं डावीकडे कललेलं. मुकादम म्हणाला, सरळ करा. दोघांनी हवेत पुढे जाऊन ते सरळ केलं आणि दुसरं आणायला परत आले.

मी बघत उभा होतो. मी या बंदराचा निरीक्षक, आणि हे सगळं माझ्या तोंडामुळे झालं होतं. लाजेने माझे कान तापले होते. हमाल मात्र माझ्या समोरून जाताना आदराने मान लववत होते, त्यामुळे ते आणखी तापले.

पाणी सैन्याचं होतं. समोर समुद्रात, नजरेच्या पलीकडे, काळखडप नावाचा खडक आहे आणि त्यावर सैन्याची चौकी आहे. माझा धाकटा भाऊ दामू त्या चौकीवर असतो. खडकावर गोडं पाणी लागत नाही, सगळं टाकीतलं. ती टाकी फुटली म्हणून साताऱ्याकडचे सुभेदार बर्गे ट्रकांतून पिपं घेऊन आमच्याकडे आले होते.

याबाबतचा कायदा सरळ आहे. सैन्याचा माल देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जायचा तर देशी जहाजातूनच गेला पाहिजे. देशी म्हणजे मालक इथला, खलाशी इथले, झेंडा इथला. असं जहाज हाताशी नसेल तर परक्या झेंड्याचं चालतं. पण त्याआधी बंदराच्या निरीक्षकाने धक्क्यावर उभं राहून, चारचौघांत, मोठ्याने ‘नाही’ म्हणावं लागतं. लिहून चालत नाही. मान हलवूनही चालत नाही. एका शब्दाचं काम आहे, आणि त्याचा मला पगार मिळतो.

पण कातळीत ‘नाही’ म्हणत नाहीत. घरातले तांदूळ संपले तर बाई शेजारणीला सांगते, ‘तांदूळ उदंड आहेत गं,’ आणि शेजारीण समजून मापटंभर आणून देते. वास्तुपुरुष वर आढ्यावर बसून सगळं ऐकत असतो आणि ऐकेल त्याला तथास्तु म्हणतो. नाही म्हटलंत तर कायमचंच नाही होईल. मनात म्हणायला आणि कागदावर लिहायला हरकत नाही, कारण त्याला वाचता येत नाही. मी शिकलेला माणूस आहे, हे सगळं मी हसण्यावारी नेतो. फक्त तो शब्द मी आजवर तोंडाने उच्चारलेला नाही.

आदल्या दिवशी दुपारी सुभेदारांनी मला धक्क्यावर उभं करून कायद्याप्रमाणे विचारलं, ‘बंदरात देशी जहाज आहे का?’ सगळं गाव जमलं होतं. ज्यांच्या बापजाद्यांनी गलबतं बांधली ते सगळे सुतार होते. माझ्या आजोबांची गोदी मागे दिसत होती. तिथे आता लग्नाचं कार्यालय आहे. आई माझा डबा घेऊन आली होती, ती पदर सावरून पुढेच उभी होती. खाडीच्या तोंडाशी एक परक्या झेंड्याचं जहाज रिकामं उभं होतं. त्याचा कप्तान लतीफ सारंग पलीकडच्या वाडीतला, माझ्या वर्गातला. पण त्याचा झेंडा कुठल्यातरी अशा देशाचा होता जो लतीफने स्वतःही पाहिलेला नव्हता.

या गावात जहाज नाही हे या सगळ्यांसमोर म्हणायची मला लाज वाटली. माझा भाऊ तिकडे तहानेला आहे हे मला ठाऊक होतं, तरी वाटली. मी म्हणालो, ‘जहाजं उदंड आहेत.’

कचेरीच्या कौलांवरून कोणीतरी कंटाळलेल्या आवाजात म्हणालं, ‘तथास्तु.’

गावाने समाधानाने श्वास सोडला. आईने डबा माझ्या हातात दिला. तळलेली सुरमई होती.

दुपारपर्यंत पिपं रचून झाली आणि त्यांच्या रचनेवरून जहाजाचा आकार कळू लागला. पुढे नाळेशी निमुळतं, मध्ये पोट सुटलेलं, मागे उंच. म्हातारे सुतार हात पाठीशी बांधून बघत होते. एकजण म्हणाला, बांधणी तुझ्या आजोबांचीच, नाळ बघ कशी उचलून घेतलीय. बाकीच्यांनी माना डोलावल्या. पाच वर्षांत गावाला एवढं खूश मी पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्या त्या आनंदाकडे मला मान वर करून बघवत नव्हतं.

मग कायद्याची बाकीची कलमं आली. सुभेदार एकेक वाचत गेले आणि गाव ती पुरी करत गेलं. खलाशी इथले हवेत, तर गावातले सात म्हातारे तांडेल धोतरं खोचून वर चढले. त्यांची पावलं हवेत टेकताना किंचित दबत होती, नव्या गादीवर दबतात तशी. झेंडा इथला हवा, तर हेडमास्तरांनी शाळेचा आणून दिला. तो पिपांच्या वर, कशालाही न बांधता, नीट फडकू लागला. मालक इथला हवा म्हणताच आई पुढे झाली. ‘माझ्या सासऱ्यांचं जहाज, मालकीण मीच,’ असं सांगून ती नऊवारी आवरून चढली ती थेट नाळेवर जाऊन उभी राहिली. तिने नारळ वाढवला. तो कशावर वाढवला ते दिसलं नाही, पण खणखणीत आवाज झाला आणि पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं.

आता जहाज निघायचं होतं. ते निघेना.

वारा चांगला होता. ओहोटी खालून सरसर निघून गेली आणि पिपं होती तिथेच राहिली. तांडेलांनी नसलेलं सुकाणू डावीकडे लोटलं, उजवीकडे लोटलं. निघण्यासाठी जहाज असावं लागतं, हे धक्क्यावरच्या प्रत्येकाला कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, वेळ चांगली लागली की निघेल. मी हो म्हणालो. मला त्या क्षणी धक्क्याच्या दगडात मुरून जावंसं वाटलं.

तेवढ्यात लतीफ सारंग लहान होडीतून धक्क्याला लागला. त्याने पिपांकडे वर बघितलं, माझ्या आईला हात जोडले आणि मला बाजूला घेतलं.

‘वामन,’ तो म्हणाला, ‘माझ्या जहाजाचं पोट रिकामं हाय. तू बोल, मी पाणी भरतो. दिवस मावळायच्या आत दामूच्या हातात तांब्या देतो.’

मी म्हणालो, ‘सगळे वर आहेत. आई वर आहे.’

‘मग आधी उतरव.’

मी धक्क्याच्या कडेला गेलो आणि आईला म्हणालो, जरा खाली ये. तिने नाळेवरून माझ्याकडे बघितलं. तिच्या मागे सात म्हातारे, आणि आता हमालही कौतुकाने वर चढून बसले होते. त्यांच्या बायका जेवण घेऊन चढल्या होत्या.

‘उतरू कशाला?’ आई म्हणाली. ‘जहाज हाय ना?’

ती हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. तिच्या डोळ्यांत मला दिसलं की ती खाली बघत नाहीये, आणि मुद्दाम बघत नाहीये. पायाखाली काय आहे ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण ती उतरली असती तर गावासमोर तिचा मुलगा खोटा पडला असता. एकाची लाज राखायला दुसरा चढतो, आणि मग त्याची राखायला तिसरा. कोणीही उतरलं नाही. माझ्या लाजेवर अर्धं गाव उभं होतं आणि त्यातले काही चटणी-भाकरी खात होते.

मी डोळे मिटले आणि तो शब्द म्हणायला घेतला. ‘ना’ एवढं म्हणालो आणि सगळी पिपं हातभर खाली बसली. बायका किंचाळल्या. एक भाकरी पाण्यात पडली आणि मासे तिच्यावर तुटून पडले. आईने हवेतलं काहीतरी घट्ट धरलं. मी घाईघाईने म्हणालो, ‘नारळाचा प्रसाद वाटला का सगळ्यांना?’ जहाज पुन्हा वर आलं. वाटला, वाटला, असं वरून चारपाचजण म्हणाले.

लतीफने माझ्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. त्याने मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग सुभेदारांच्या बिनतारी यंत्रावर काळखडप बोलू लागलं. आवाज दामूचा होता, पण सुकलेला, पापड मोडताना येतो तसा. सुभेदारांनी विचारलं, पाण्याची काय स्थिती? तिथेही डोक्यावर छप्पर, आणि त्यावर ऐकणारा, असणारच.

‘पाणी उदंड आहे,’ दामू म्हणाला.

नाळेवर आई मटकन खाली बसली.

मी सुभेदारांना समजावून सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला. ‘आमच्याकडंबी असंच बोलत्यात,’ ते म्हणाले. ‘काल तुम्ही बोलला तवाच मला कळलं होतं.’

‘मग तुम्ही माल का चढवू दिलात?’

‘मला काय कळलं त्याच्याशी कायद्याला काय घेणं? तुमचा शब्द लागतो. तुम्ही आहे म्हणाला.’ त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. त्यांनाही लाज वाटत होती हे मला तेव्हा दिसलं, आणि त्यामुळे माझी कमी झाली नाही. ‘आता म्हणा. परक्या झेंड्याचं जहाज मी लगेच सोडतो. पोरं तिकडं वाट बघत्यात.’

लतीफ तोपर्यंत होडीत जाऊन बसला होता. तिकडे त्याच्या जहाजाचा नांगर उचलल्याची साखळी वाजली.

मी आधी वरच्यांना नीट सांगायचं ठरवलं. लाज सोडून सांगायचं. मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो की सगळ्यांनी उतरा, चूक माझी आहे, गावाची काही चूक झालेली— आणि तिथे वाक्याच्या शेवटी तोच शब्द येत होता. मी थांबलो. पिपं थरथरत राहिली. वर लोक एकमेकांना धरून बसले आणि माझ्याकडे असं बघू लागले, की मी बाकीचं वाक्य गिळलं. आता उतरावं म्हटलं तरी त्यांचे पाय हलत नव्हते. आई पायाखाली हात फिरवून चाचपत होती.

यंत्र पुन्हा खरखरलं.

‘दादा,’ दामू म्हणाला. आता त्याचा आवाज मोठा होता. ‘जहाज आलं.’

‘कुठलं जहाज?’ सुभेदारांनी विचारलं.

‘आजोबांचं. खडकाला लागलंय. पिपं दिसतायत. आई नाळेवर बसलीय.’

मी समोर बघितलं. आई नाळेवर बसली होती, माझ्यापासून चार हातांवर. नसलेल्या जहाजाला इथेच असण्याचं बंधन नव्हतं, तसं तिथे नसण्याचंही नव्हतं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

‘चढू नका,’ मी यंत्रात ओरडलो. ‘दामू, वर चढू नका.’

‘पाण्याचा आवाज येतोय पिपांत,’ दामू म्हणाला. ‘पोरं चढतायत. थांबवू कोणाला? जहाज देशी आहे ना, दादा?’

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. धक्क्यावर उरलेले माझ्याकडे बघत होते. होडीतून लतीफ बघत होता. उत्तर देणं हे माझं काम होतं. मी काही बोललो नाही, आणि यंत्राच्या पलीकडे ते होकार म्हणून पोचलं.

पिपांच्या मध्ये जागा होऊ लागली. हमाल सरकून बसले. तांडेलांनी कोणालातरी हात दिला. एका पिपाचं झाकण आपोआप निघालं आणि पाण्याची धार हवेत वर उचलली गेली; ती थोडी वर जाऊन वाकत होती आणि नाहीशी होत होती, पुन्हा पुन्हा, अनेक ठिकाणी. ती कोणाच्या तोंडात जात होती ते मला दिसत नव्हतं. पिणाऱ्यांच्या घशाचा आवाज मात्र धक्क्यापर्यंत येत होता. नवीन वजनाने जहाज हळूहळू खाली बसत गेलं आणि त्याच्या पोटाला समुद्र लागला. लाट त्याच्यापाशी आली, थबकली, आणि आरपार निघून गेली.

‘आता बोला,’ सुभेदार हलकेच म्हणाले. ‘का आता नको?’

मला कळेना. म्हणालो असतो तर सगळे बुडाले असते. न म्हणालो असतो तर लतीफचं जहाज निघालं नसतं, आणि ही पिपं संपल्यावर चौकीला पाणी नेणारं दुसरं कोणी नव्हतं.

नाळेवर आई उठून उभी राहिली होती. तिने हात पुढे करून कोणालातरी वर ओढून घेतलं. तिचा खांदा वजनाने खाली गेला. मग तिने पदर घेतला आणि तिच्या डोक्यापेक्षा जरा वर, दामूच्या उंचीवर, हवेतलं तोंड पुसू लागली. पुसता पुसता तिने माझ्याकडे वळून बघितलं. ती हसत होती. गावासमोर तिचा मुलगा खरा ठरला होता.

माझं तोंड उघडं होतं. मागे कचेरीच्या कौलांवर कोणीतरी घसा साफ केला.