आठवी खाच खोटी आहे

मी काकासाहेबांची काठी बोलतेय. जन्म बेलापूरचा, उसाच्या बांधावरच्या कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बेटातला. काकासाहेबांनी मला तोडलं, विस्तवावर शेकून सरळ केलं, तेल चोळलं आणि खालच्या टोकाला लोखंडी शेंबी ठोकली. सगळं एका दुपारीच. त्यांना सगळंच उरकायची सवय.

तसा त्यांचा तरी काय दोष? पाण्याची पाळी चुकली तर ऊस वाळतो, तो काही कुणासाठी थांबत नाही. वर्षातून एकच दिवस ते सुट्टी घेत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोला, पुष्पावतीबाईंना, घेऊन कळसूबाई चढायची. आदल्या रात्री राजूरला पाव्हण्यांकडे मुक्काम, सकाळी पायथा. ही सुट्टीसुद्धा ते घड्याळ लावून घेत. शिखरावर देवीला हात जोडले की चाकू काढून माझ्या अंगावर एक खाच पाडायची आणि गावी पारावर बसून त्या खाचा लोकांना दाखवायच्या. मलाही मिरवायला आवडायचं, खोटं कशाला बोलू!

बाई नेहमी मागं. चार पावलं चालायच्या आणि थांबायच्या. कधी गवताचा तुरा हातात घ्यायच्या, कधी लिंबूसरबतवालीची विचारपूस करायच्या. पहिल्या लोखंडी शिडीच्या खाली एक सपाट कातळ आहे. भोवती पिवळी सोनकी फुललेली असते आणि दूर खाली भंडारदऱ्याचं पाणी दिसतं.

"अवो, बसू की इथं घडीभर," त्या दर वर्षी म्हणायच्या. "भाकरी खाऊ."

"उतरताना बसू."

उतरताना एसटीची घाई. सात वर्षं ती भाकरी एसटीतच खाल्ली गेली.

आठव्या वर्षी त्या कातळापाशी बाई मटकन बसल्या. "मला न्हाई जमायचं आज. लई दम लागलाय."

"तुझं दर साली हेच हाय," काकासाहेब हसून म्हणाले. "फुलं बघायचा बहाना नुस्ता!" मग त्यांनी मला बाईंच्या हातात दिलं. "धर ही. देवीला तुझा बी नमस्कार सांगतो. आलोच मी."

दोन तास मी बाईंजवळ होते. त्यांचा तळवा गार आणि ओला होता. श्वास बराच वेळ खाली बसेना. मला सगळं कळत होतं, पण काठीनं हाक कशी मारायची?

थोडं बरं वाटल्यावर त्यांनी सोनकीकडे एकदा पाहिलं. एकदाच. मग पाण्याकडे पाठ केली आणि शिडीकडे तोंड करून बसल्या. वरून काकासाहेबांसारखी पांढरी टोपी येताना दिसली की माझ्यावर भार देऊन अर्धवट उठायच्या. दुसराच कुणी निघायचा, की पुन्हा बसायच्या. भाकरीची गाठ सोडली, चतकोर मोडला, परत बांधून ठेवला. "ते आल्यावं खाऊ," माझ्याशीच बोलल्या.

ते आले ते घाईतच. "झालं ना पोटभर बघून? चल, एसटी निघंल."

एसटीत काकासाहेबांनी सवयीनं चाकू काढला आणि आठवी खाच पाडली. त्या वर्षी मी शिखर पाहिलंच नव्हतं.

माघात बाई गेल्या. हृदयाची झडप निकामी झाली होती. धाप कधीपासून लागत होती, असं डॉक्टरांनी विचारलं. डॉक्टरांना आणि दुखवट्याला आलेल्या प्रत्येकाला काकासाहेब एकच सांगत, "मला वाटायचं, फुलं बघाया थांबती."

यंदा दसऱ्यानंतर ते एकटेच मला घेऊन कळसूबाईला गेले. घड्याळ घरी ठेवलं होतं. बाई जिथं जिथं थांबायच्या तिथं तिथं थांबले. सरबतवालीनं विचारलं, "बाई न्हाई आल्या?" तेव्हा खाली बघत मान हलवली आणि तिच्या पोराबाळांची चौकशी केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

कातळावर बसून त्यांनी भाकरी सोडली. अर्धी शेजारी ठेवली. सोनकी भरात होती. त्यांनी ती खूप वेळ पाहिली, पाणी पाहिलं, मग मला मांडीवर आडवं घेऊन म्हणाले, "दोन तास बसली हुती इथं. निदान डोळं भरून बघितलं तरी आसंल तिनं. व्हय ना?"

खरंच उत्तर येणार असल्यासारखे ते थांबले. आपल्याला वाचा नाही याचं मला आयुष्यभर वाईट वाटायचं. त्या क्षणी मात्र बरं वाटलं.

वर ते गेलेच नाहीत. चाकू काढला, आठव्या खाचेवरून अंगठा फिरवला आणि चाकू खिशात ठेवून दिला. नववी खाच माझ्या अंगावर नाही.

आता मी बेलापूरला दाराच्या कोपऱ्यात उभी असते. पारावर नेत नाहीत. दसऱ्याची मात्र आम्ही दोघंही वाट बघतो.

सुट्टीत तुम्ही त्या वाटेनं गेलात आणि तुमचं माणूस फुलांपाशी थांबलं, तर पुढून हाक मारू नका. चार पावलं खाली या. आधी त्याचा श्वास ऐका, मग त्याच्याबरोबर फुलंही बघा. शिखर काही कुठं जात नाही.

आणि शिडीखालच्या कातळावर पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा दिसला, तर त्याच्याशेजारी घडीभर बसा. त्यानं भाकरी दिली तर खा. बाई त्या दिवशी काय बघत बसल्या होत्या, ते मात्र त्याला सांगू नका.