पुसलेली जागा

दुर्गाघाटच्या आमच्या पाठशाळेला राज्य सरकारचं अनुदान हवं होतं, म्हणून लखनौहून त्रिपाठीसाहेब तपासणीला आले.

"बाहेरची, मराठी नसलेली मुलंही इथे शिकली, याचा पुरावा?" त्यांनी हिंदीत विचारलं.

माझं डोकंच फिरलं. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना जेवू घालून शिकवतोय, पुरावा कसला मागता! तरी पाट मांडून जेवायला वाढलं.

माझे बाबा पाठशाळा चालवत, तेव्हा प्रत्येक विद्यार्थी जेवल्यावर आपलं पान उचलायचा आणि ओल्या फडक्याने आपली जागा पुसायचा. बाबा गेले, तशी ती रीतही गेली.

साहेबांनी जेवून पान उचललं, फडकं शोधलं आणि गुडघे टेकून जागा पुसली.

मी मराठीतच विचारलं, "कोणत्या सालचे तुम्ही?"

मान खाली घालूनच ते मराठीत म्हणाले, "तू परकरात होतीस, कालिंदी."